रँचर, स्पोर्ट्समन की कोडियाक: शेतकाम आणि ट्रेल, दोन्हीला मिळून एकच एटीव्ही घ्यायची असेल तर

इकडे अमेरिकेत पाच-दहा-पंधरा एकर जागा घेऊन शेळ्या, कोंबड्या, सफरचंदाची चार झाडं असला उद्योग करणारे मराठी लोक आता बरेच भेटतात, आणि पहिला हिवाळा काढला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, एटीव्ही (चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल आणि सीट असलेली गाडी) कुठली घेऊ, आठवडाभर कामाला येईल आणि शनिवार-रविवारी ट्रेलवरही नेता येईल अशी. आम्ही पेन्सिल्व्हेनियात, जागा सगळी उताराची, घरात शेळ्या आहेत, त्यामुळे निदान उंटावरून तरी हाकत नाहीये. पण उताराचा विषय खाली जरा जास्त येईल, सपाट इलिनॉय-इंडियानावाल्यांनी तेवढा कमी करून वाचा.

शोरूममध्ये गेलं की सेल्समन पहिला आकडा सीसीचा सांगतो आणि आपणही मोटरसायकलच्या सवयीने त्यालाच धरून बसतो. माझं मत विचाराल तर सीसी सगळ्यात शेवटी बघा. आधी दोन गोष्टी बघायच्या, गाडीवर आणि गाडीमागे किती वजन टाकणार, आणि ते वजन घेऊन उतार उतरताना गाडीला धरून कोण ठेवणार, इंजिन की नुसते ब्रेक.

तीन गाड्या घेतो कारण बहुतेक लोक याच तिघींत अडकतात, होंडा फोरट्रॅक्स रँचर (४२० सीसी), पोलारिस स्पोर्ट्समन ५७० आणि यामाहा कोडियाक ४५० (नावात ४५०, इंजिन ४२१ सीसीचं). यामाहाची थोरली बहीण ग्रिझली ७००, तिचं इंजिन ६८६ सीसी, ती मधेमधे येईल.

वजनापासून सुरू करू. रँचरचा पुढचा रॅक ६६ पाउंड, मागचा १३३ पाउंड, ओढण्याची क्षमता ८४८ पाउंड. स्पोर्ट्समनचा पुढे ९०, मागे १८०, ओढायला १,२२५. कोडियाकचा पुढे ८८, मागे १७६, ओढायला १,३२२. ग्रिझलीचा पुढे ११०, मागे १९८, ओढायला तेवढंच १,३२२. हे आकडे कागदावर कोरडे वाटतात म्हणून स्प्रेयरचा हिशोब करून दाखवतो, कारण तण मारायला नाहीतर सफरचंदांवर फवारायला रॅकवर टाकी बांधणं हे जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं काम असतं. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पाउंडाचा. १५ गॅलनची टाकी काठोकाठ भरली तर नुसतं पाणीच १२५ पाउंड, त्यात टाकी, पंप, होज, पट्टे धरा, म्हणजे रँचरचा मागचा रॅक तिथेच संपला, वर गेला. आणि दुकानात मोठ्या रुबाबात ठेवलेली ती २५ गॅलनची टाकी? नुसतं पाणी २०८ पाउंड, म्हणजे वरच्या चारपैकी एकाही गाडीच्या रॅकवर ती पूर्ण भरून बसत नाही! तरी लोक बांधतात, आणि अर्धी टाकी रिकामी झाली की उतारावर पाणी एका बाजूला जातं आणि गाडी त्याच बाजूला कलते. मोठी टाकी पाहिजे असेल तर चाकांवरची, मागे ओढायची घ्या, रॅकच्या भानगडीत पडूच नका.

तसंच गवताचं. लहान चौकोनी गठ्ठे साधारण ५० पाउंडाचे, दहा गठ्ठे आणि छोटी गाडी मिळून रँचरला जमतं. पण मोठी गोल बेल ८००-१,००० पाउंडापर्यंत जाते, ती कुठल्याही एटीव्हीचं काम नाही, त्याला ट्रॅक्टरच. आणि ट्रॅक्टरवरून आठवलं, एटीव्हीला पीटीओ (इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा) नसतो, त्यामुळे टिलर, ब्रश हॉग (झुडपं कापायचं अवजार) वगैरे ट्रॅक्टरची अवजारं जोडता येत नाहीत, एकतर चाकांवर चालणारी अवजारं (हॅरो, खताचा स्प्रेडर) नाहीतर स्वतःचं इंजिन असलेला मागचा मोअर. बऱ्याच जणांच्या डोक्यात एटीव्ही म्हणजे छोटा ट्रॅक्टर असं असतं, ते आधी काढून टाका नाहीतर खिशाला चाट बसते आणि काम तसंच राहतं.

आता खरा फरक, गिअर आणि बेल्ट. होंडात बेल्ट नाही, मोटरसायकलसारखे खरे गिअर आणि शाफ्ट. साध्या मॉडेलात पायाने गिअर टाकायचे (क्लच आपोआप), ईएस मॉडेलात हँडलवरच्या बटणांनी, आणि महागात ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. पोलारिस आणि यामाहा दोन्ही बेल्टवाल्या, म्हणजे स्कूटरसारख्या चालता चालता गिअर न बदलणाऱ्या, हाय-लो-न्यूट्रल-रिव्हर्स-पार्क अशी दांडी. बेल्टची गाडी चालवायला सोपी, घरातलं कोणीही पाच मिनिटांत शिकतं, पण बेल्ट ही झिजणारी वस्तू आहे, हाय रेंजमध्ये ठेवून जड ओढलं की तापते, जळका वास येतो, खोल पाण्यातून नेली आणि बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं की घसरते, मग प्लग काढून पाणी सोडा, वाळू द्या. लो मध्ये टाकायची शिस्त पाळली तर बेल्ट वर्षानुवर्षं टिकते हेही खरं. होंडात हा विषयच नाही, म्हणून इकडचे जुने शेतकरी होंडा सोडत नाहीत.

पण बर्फ ढकलायचा असेल तर गंमत बघा. प्लाऊ लावला की सतत पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागतं, एका ड्राइव्हवेत वीस-पंचवीस वेळा सहज. पायाच्या गिअरवाल्या रँचरला रिव्हर्स टाकायचा तर आधी न्यूट्रलला आणा, मग डाव्या हाताने ब्रेकची लिव्हर दाबून धरत शेजारचं बटण दाबा आणि पायाने गिअर खाली दाबा, तेही जाड हातमोजे आणि बूट घालून, उणे दहात. बेल्टवाल्यात ब्रेक दाबला, दांडी ओढली, झालं. त्यामुळे 'काम म्हणजे होंडा' हे बर्फाच्या बाबतीत मला तितकंसं पटत नाही. बटणवाली ईएस घेतली तर त्रास थोडा कमी होतो.

उताराकडे येतो, इथे तिन्ही गाड्या वेगळ्या वागतात आणि ब्रोशरमध्ये हे नीट कळत नाही. होंडात गिअर असल्यामुळे थ्रॉटल सोडला की इंजिन गाडीला मागे धरतं, फोर व्हील ड्राइव्हमध्ये चारही चाकांना. यामाहाच्या बेल्टची रचना अशी आहे की बेल्ट कायम ताणलेली राहते आणि वन-वे क्लचमुळे उतरताना इंजिनची पकड सुटत नाही, फोर व्हीलमध्ये तीसुद्धा चारही चाकांवर येते, आणि मला विचाराल तर हीच यामाहाची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, पॉवर वगैरे नंतर. पोलारिसची ऑल व्हील ड्राइव्ह मागणीनुसार चालते, मागची चाकं घसरली की पुढची आपोआप जोर लावतात, चढाला आणि चिखलात हे अफलातून काम करतं, काही बटण दाबायची आठवण ठेवावी लागत नाही. पण उतरताना पुढची चाकं मोकळी असतात, इंजिन ब्रेकिंग मागच्याच चाकांवर येतं, चारही चाकांना पाहिजे असेल तर अॅक्टिव्ह डिसेंट कंट्रोल असलेला ट्रिम (त्याच गाडीचा वरचा प्रकार) घ्यावा लागतो, म्हणजे जास्तीचे पैसे. रिकाम्या गाडीला याने फार बिघडत नाही. मागे लाकडांचा ट्रेलर असेल, गवत दवाने ओलं असेल आणि ट्रेलर मागून ढकलायला लागला की मात्र मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी व्हायला लागते, तेव्हा हा फरक चांगला कळतो. लक्षात ठेवा, या छोट्या ट्रेलरना स्वतःचे ब्रेक नसतात.

मागचा अॅक्सल. साध्या रँचरला मागे अखंड अॅक्सल आहे, बाकी दोघींना (आणि रँचरच्या काही ऑटोमॅटिक मॉडेलांना) दोन चाकं स्वतंत्र हलणारी. अखंड अॅक्सल वजनाखाली कमी बसतो, आडव्या उतारावर गाडी कमी झुलते, चाकांच्या सांध्यांवरचे रबरी बूट (टोप्या) कमी त्यामुळे काट्याकुट्यांत फाटायला कमी, इकडे जंगली गुलाबाची झुडपं जिथेतिथे असतात त्यांना हे बूट फार आवडतात. पण तोच अॅक्सल ट्रेलवर पाठीचं भरीत करतो आणि मधे दगड असला की आधी तो लागतो.

म्हणजे ट्रेलचा निकाल इथेच लागला. स्पोर्ट्समनला पुढे ८.२ आणि मागे ९.५ इंच सस्पेन्शन ट्रॅव्हल (चाक किती वर-खाली हलतं ते), ४४ हॉर्सपॉवर, रँचरला ६ इंचाच्या थोडं वर. स्प्रूल स्टेट फॉरेस्टमधल्या ब्लडी स्किलेटसारख्या ट्रेलवर, नाहीतर खाली वेस्ट व्हर्जिनियात हॅटफिल्ड-मकॉयला दिवसभर फिरायचं असेल तर संध्याकाळी पोलारिसवाला हसत उतरतो आणि साध्या रँचरवाला कंबर धरून. कोडियाक मधे कुठेतरी, ग्रिझली मात्र ट्रेलवर पोलारिसच्या तोडीस तोड आणि चिखलात डिफ लॉकचं (पुढची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) बटण दाबलं की कुठूनही बाहेर येते.

काहीजण म्हणतात एवढे पैसे घालायचे तर सरळ साइड-बाय-साइड (शेजारीशेजारी सीट आणि कारसारखं स्टिअरिंग असलेली गाडी) घेऊ, बायको-मुलंही बसतील. कामाला उत्तमच, मागे डंप बॉक्स असतो, पण रुंदी बघा. नॅशनल फॉरेस्टमधल्या बऱ्याच ट्रेलना ५० इंचांची मर्यादा असते, तिथे ४८ इंची एटीव्ही जाते आणि ६० इंची साइड-बाय-साइड गेटवरून परत येते. झाडांच्या दोन ओळींमधून फवारायला जायचं तरी तोच प्रश्न.

इतर नावं पटकन. कॅन-अॅम आउटलँडर ५०० आणि ७०० हे २०२३ मॉडेलपासून नव्याने आलेत, ओढायची क्षमता १,८३० पाउंड सांगतात, म्हणजे कागदावर सगळ्यांच्या पुढे, ओढकाम जास्त असेल तर बघाच. चिनी सीएफमोटो सीफोर्स ५०० मध्ये विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि पॉवर स्टिअरिंग आधीच लावलेलं मिळतं, पैशाच्या मानाने भरपूर, फक्त जवळ डीलर आणि पार्ट आहेत का ते आधी तपासा.

पैसे. रँचर सहा हजार डॉलरच्या आसपास सुरू होते, कोडियाक ४५० त्याच्या थोडी वर, स्पोर्ट्समन ५७० साडेसात-आठ हजार, ग्रिझली दहा-अकरा हजारांच्या घरात. यावर फ्रेट, सेटअप, कागदपत्रं, टॅक्स असं चढत जातं, म्हणून फोनवर किंमत विचारताना 'आउट द डोअर' किती तेच विचारा. एका ठिकाणी तर जाहिरातीतला आकडा आणि काउंटरवरचा आकडा यांच्यात इतका फरक होता की मी पाणीसुद्धा न पिता निघालो. पॉवर स्टिअरिंगवर कंजुषी नको, फोर व्हील लावून प्लाऊ घेऊन वळवताना खांदे सांगतात.

तर माझ्या हिशोबाने, उतार आहे, काम सत्तर टक्के आणि ट्रेल तीस, तर पॉवर स्टिअरिंगवाली कोडियाक, पैसे असतील तर ग्रिझली. जमीन सपाट, ट्रेलला महिन्यातून एकदोनदा तरी जाणारच, तर स्पोर्ट्समन ५७०. ट्रेल फक्त बोलण्यापुरती आहे, गाडी बाहेर शेडमध्ये राहणार आणि देखभालीचा कंटाळा आहे, तर साधी रँचर, डोळे झाकून. ऑस्ट्रेलियावाल्यांनी मात्र ही यादी तशीच उचलू नका, तिकडे ११ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या क्वाड बाइकला (तिकडे एटीव्हीला हेच म्हणतात) उलटली तर चालकाला वाचवणारी चौकट लागते आणि होंडा, यामाहा, पोलारिस यांनी तिथे क्वाड विकणंच थांबवलं.

ती चौकट उगाच नाही आली. रँचर, स्पोर्ट्समन, कोडियाक, ग्रिझली या सगळ्या गाड्या एकट्याने बसायच्या आहेत, सीट लांब असते ती वजन पुढे-मागे टाकायला, मागे कोणाला बसवायला नव्हे. १६ वर्षांखालच्या मुलांना मोठी एटीव्ही द्यायची नाही असं गाडीवरच लिहिलेलं असतं, आणि भारतातून पाहुणी आलेली भाचरं पहिलं तेच मागतात, तेव्हा मामाने सरळ नाही म्हणावं.

बाकी पेन्सिल्व्हेनियात रजिस्ट्रेशनचे दोन प्रकार आहेत, फक्त स्वतःच्या जागेत चालवणार असाल तर लिमिटेड, ट्रेलवर जाणार असाल तर जनरल आणि सोबत इन्शुरन्स, घेतानाच डीलरकडून करून घ्या. हेल्मेट घ्या. आणि हवा मोजायचं कमी दाबाचं वेगळं गेज घ्या, कारण रँचरच्या टायरमध्ये फक्त ३.६ पीएसआय हवा असते, पोलारिसमध्ये ५ च्या आसपास, कारचं गेज एवढ्या खाली नीट दाखवतच नाही, पेट्रोल पंपावर अंदाजाने वीस पीएसआय भरून मग गाडी उडते म्हणून सस्पेन्शनला शिव्या घालणारे मी पाहिलेत.