अडॅलिमुमॅब, ८ महिने: औषध पास, थर्माकोलचा डबा नापास

शनिवारी सप्लायरशी परत वाजलं म्हणून शेवटी लिहायला बसलो. मुलगी ११ वर्षांची, पॉली जेआयए (लहान मुलांचा बऱ्याच सांध्यांचा संधिवात), नुसत्या मेथोट्रेक्सेटने, म्हणजे संधिवाताच्या नेहमीच्या औषधाने, गुडघे-मनगटं ऐकेनात, मग जानेवारीपासून अडॅलिमुमॅब, बायोसिमिलर (मूळ ब्रँडसारखंच दुसऱ्या कंपनीचं), १५ दिवसांनी एक सुई, वजन ३० किलोच्या वर म्हणून ४० एमजी. आधी टीबीची टेस्ट, एक्सरे वगैरे झालंच.

माझं डोकं खातो तो औषध ज्यात येतं तो डबा. औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, आणि बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळीला पोचेपर्यंत जेल पॅकचं कोमट पाणी झालेलं. सप्लायर म्हणतो, "काही होत नाही सर, वापरा." अरे, मूळ ब्रँडच्या पत्रकात सुद्धा २५ डिग्रीपर्यंत १४ दिवस असंच लिहिलंय, आमच्याकडे मे महिन्यात २५ असतं कुठे? शेवटी डब्यात थर्मामीटर घालून व्हिडिओ काढला, १९ दाखवत होता, तेव्हा कुठे बदलून दिलं आणि तेही ९ दिवसांनी. तोवर डावा गुडघा परत टम्म.

घरी वेगळंच. लाइट गेली की मी आधी ओरडतो, फ्रिज उघडू नका. बांगडे खाली, सुई मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला टेकली आणि गोठली तर फेकूनच द्यायची. आई म्हणते, जावयाचं पण एवढं कौतुक नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मीच म्हणायचो हे औषध नको, टीएनएफ (शरीरात सूज आणणारं प्रथिन) अडवतं म्हणे पण टोचल्यावर इतकं जळायचं की पोर घर डोक्यावर घ्यायची. मग नर्सने सांगितलं, अर्धा तास आधी बाहेर काढा, गरम पाण्यात मात्र बुडवू नका. आता दात खाऊन "बाबा, लवकर" एवढंच म्हणते. तेव्हाचं माझं मत मागे घेतो. ताप असला तर सुई द्यायच्या आधी डॉक्टरला फोन, आणि डोळ्यांची तपासणी चुकवू नका, या आजारात डोळा आतून सुजतो आणि मुलाला पत्ताही लागत नाही.

गेल्या चवथीला हिला टूथपेस्टचं झाकण फिरवता येत नव्हतं. यंदा स्टुलावर चढून गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-फुलांच्या माटोळीला सुपारीचा घोस बांधला, केवणीच्या सालीच्या दोराला स्वतःच्या बोटांनी दोन गाठी मारल्या. मी स्टूल धरून उभा, तर मलाच ओरडली, "सोड ना!"

आता मासळीवाल्याकडे असतो तसला आइसबॉक्स घेतलाय, पुढची सुई स्वतः बेळगावला जाऊन आणणार. पेट्रोलचा हिशोब सप्लायरला आधीच मेल करून ठेवलाय, उत्तर अजून नाही.