जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची स्मारकं : एका दिवसाच्या सहलीबद्दल

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतची स्मारकं आणि फलक दाखवणारी एक दिवसाची सहल करावी का, असं कुणी विचारलं तर मी जरूर करा म्हणेन. फक्त बरोबर वाटाड्या कोण आहे ते आधी विचारून घ्या. आमच्याबरोबर मावळातलेच एक निवृत्त शिक्षक होते आणि सहलीचं अर्धं मोल त्यांचं होतं.

माझा धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांच्या, शाळांच्या, देवळांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेली, त्यामुळे फलक कसा असावा याबद्दल माझी मतं पक्की आहेत. या सहलीकडेही मी त्याच नजरेनं बघितलं.

पहिला थांबा वडगाव मावळ. महादजी शिंद्यांचं स्मारक रस्त्याला लागूनच आहे, आणि रोज हजारो गाड्या त्याच्याकडे न बघता पुढे जातात. गुरुजींनी आम्हाला आधी घाटाकडे तोंड करून उभं केलं, मग तळेगावाकडे. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावाला पेशवाईच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजांची फौज मुंबईहून घाट चढून तळेगावापर्यंत आली. वाटेतली दाणावैरण मराठ्यांनी आधीच जाळून टाकली होती. पुढे जाण्यात अर्थ उरला नाही म्हणून फौज रातोरात मागे फिरली आणि वडगावात कोंडली गेली. तिथेच तिला तह करावा लागला. शाळेत ‘वडगावचा तह’ एवढंच पाठ केलं होतं. फौज इकडून आली, तिकडे अडली, इथे सापडली, हे त्या जमिनीवर उभं राहूनच कळतं. मला फलकावर नेमकं हेच हवं असतं: वाचणाऱ्यानं कुठे तोंड करून उभं राहायचं आणि काय बघायचं. बाण काढून दिशा दाखवायला रंग तो किती लागतो?

वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्याच लढाईतल्या एका इंग्रजाची समाधी आहे. कॅप्टन स्ट्युअर्ट कार्ल्याजवळ मारला गेला. तो शत्रूच्या बाजूचा, तरी त्याच्या धाडसाला दाद देऊन मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ केलं, आणि गावानं त्याची जागा सांभाळली. ज्या गावानं त्या फौजेला गुडघ्यावर आलेलं पाहिलं, त्याच गावात तिच्यातल्या शूराला मान मिळतो, हे ऐकून मला मावळच्या माणसांचा फार अभिमान वाटला. तिथे जायचं तर ठाण्यात विचारूनच आत जावं लागतं. आयोजकांनी ते आधीच केलं होतं, याचे त्यांना पूर्ण गुण.

आता तक्रार. वाटेत बघितलेल्या काही फलकांवर उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं ते ठसठशीत अक्षरात आणि घटना बारीक अक्षरात होती. आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा, की दहा फुटांवरून आरामात वाचता यायचं तर अक्षर इंचभर उंच हवं. मराठीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, तेव्हा ओळींमध्ये जागाही जास्त सोडावी लागते. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षर उन्हात दिसतच नाही, त्यापेक्षा साध्या दगडात खोल कोरून आत रंग भरलेला बरा. एक-दोन ठिकाणी तर पुढच्या झाडानं निम्मा मजकूर झाकला होता. फलक लावणं हे काम एका दिवसाचं, पण तो राखणं कायमचं.

राखणीचा विषय निघाला की बोरघाटातला शिंगरोबा आठवायलाच हवा. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला, हे नोंदलेलं आहे. घाटातून वाट कशी काढायची हे साहेबाला शिंगरोबा धनगरानं दाखवलं, ही लोककथा. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली, असं ती पुढे सांगते. कथेला कागद नसेल, पण चालत्या गाडीतून नाणं टाकणारे, हात जोडणारे ड्रायव्हर पिढ्यान्‌पिढ्या हे देऊळ जागतं ठेवत आले आहेत. मी बघितलेल्या सगळ्या स्मारकांत याला पहिला नंबर देतो.

घाटात गुरुजींनी रेल्वेचंही सांगितलं. १८५६ ला सुरू झालेलं काम १८६३ ला पुरं झालं, त्यात २५ बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिनं काम पुढे नेलं. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर डोंगर फोडत होते. पटकी आणि तापानं त्यातले किती गेले! त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला कुठे कोरलेलं दिसलं नाही. नावं सापडणार नसतील तर निदान आकडा तरी ठळक लिहा. असा फलक कुणी लावणार असेल तर मी मजुरी न घेता रंगवून देईन.

अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. त्याला ते नाव पडलं त्याच्यावरच्या बामच्या जाहिरातीमुळे. तो पूल कुठे होता हे गाडीतूनच बोट करून दाखवलं, तिथे उतरायला मिळालं नाही आणि मिळूही नये, वाहतूक भयंकर आहे.

शेवटी खोपोलीकडून उंबरखिंड. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाला इथे अडवलं. जेवणात फार वेळ गेल्यानं या थांब्याला जेमतेम वेळ उरला, ही आयोजकांची सर्वात मोठी चूक. अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी झाडी, वरून मावळे, हे समजायला तिथे थोडं चालावं लागतं. उंबरखिंड सकाळी घ्या आणि घाट चढत वडगावला या, म्हणजे इंग्रजांची फौज आली त्याच दिशेनं प्रवास होईल.

आयोजकांनी वाटलेलं माहितीपत्रक मात्र बदलायला हवं. अक्षर इतकं बारीक की माझ्यासारख्या चष्मेवाल्याला हलत्या गाडीत वाचताच येत नाही, आणि नकाशा नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर उंबरखिंडीत नदीला पाणी किती आहे ते आधी विचारून घ्या. लहान मुलांना जरूर न्या, वडगावला त्यांना पुढे उभं करा.