युरोप: गाईडवाली बस टूर की आपलं आपण ट्रेनने?

रामबागेतल्या मावशी-काकांचं ठरतच नाहीये, बस टूर घ्यायची की लेकीबरोबर ट्रेनने फिरायचं. मी दोन्ही केलंय म्हणून सांगते, ती ब्रोशरं आधी बाजूला ठेवा.

खर्च बघाल तर टूरचा आकडा मोठा दिसतो पण त्यात हॉटेल, जेवण, तिकिटं बरंचसं येतं, उलट ट्रेनला युरेल पास, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा रेल्वेचा पास, काढला तरी फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत सीट रिझर्वेशनचे पैसे वेगळे. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच लागतो त्या शेंगेन व्हिसाची 90 युरो फी दोन्हीकडे सारखीच.

दगदग म्हणजे मुख्य बॅगा. बसमध्ये डिकीत टाकल्या की झालं, ट्रेनला स्वतः चढवायच्या, प्लॅटफॉर्म बदलला की जिने, आणि काकांचे गुडघे तर तुम्हाला माहितीच आहेत. पण बसून बसून पायही सुजतात हो! तिकडे ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, तेव्हा उतरून चालायचं.

जेवणात टूरच बरी, रात्री गरम वरणभात मिळतो.

वेळेचं मात्र फार वाईट वाटतं. स्वित्झर्लंडात शाफहाउजनला ऱ्हाईन नदीच्या धबधब्याचे तुषार तोंडावर येत होते, मी कठडा धरून नुसती बघत उभी, आणि गाईड हाका मारायला लागला चला चला. ट्रेनने गेलात तर अख्खी दुपार बसा तिथे.

पहिल्यांदाच जाताय, गुडघे दुखतात, पाच-सहा देश बघायचेत तर टूर. दोन-तीनच गावं निवांत बघायचीत, बरोबर तरुण माणूस आहे तर ट्रेन. मावशी, तुम्ही टूरच घ्या, फक्त परतीचं तिकीट आणि व्हिसा चार दिवस पुढचा ठेवा आणि ते दिवस लेकीबरोबर स्वित्झर्लंडात काढा.