माझंच कार्ड मला २८ हजारांना विकलं

मे महिन्याचा दुसरा आठवडा. कुरूलच्या पुढे एका डाळिंबाच्या बागेत सकाळी साडेसातलाच मशीन अडलं. बटण दाबलं की आतून नुसतं टक... टक... टक. नळी खाली जाईना. मोटर कण्हल्यासारखी करायची आणि गप्प बसायची. त्या दिवशी पाच बागा घ्यायच्या होत्या. दहा वाजले की सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको, म्हणून आम्ही पहाटेच निघतो.

माझा धंदा माती परीक्षणासाठी नमुने काढून देण्याचा. पिकअपच्या हौद्यात बसवलेलं स्वयंचलित मशीन आहे, दोन वर्षांपूर्वी जुनंच घेतलेलं. बटण दाबलं की कार्ड, म्हणजे मशीनला हुकूम देणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, पॉवर पॅक (मोटर आणि तेलाचा पंप) सुरू करतं, हायड्रॉलिक सिलिंडर स्टीलची पोकळ नळी जमिनीत दाबतो, ठरल्या खोलीला प्रॉक्सी सेन्सर लागतो, नळी वर येते आणि मातीचा कांडा ट्रेमध्ये पडतो. हंगामी पिकाला वरचे १५ सेंटिमीटर पुरतात. डाळिंबाला पहिला फूट वेगळा आणि दुसरा फूट वेगळा काढावा लागतो. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात गिरमिटाने दोन फूट जायचं म्हणजे गड्याचे हात सोलतात, म्हणून हे मशीन. आणि काम असतं ते एप्रिल-मेमध्येच. मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी धरायच्या फुलोऱ्याच्या, आधी रिपोर्ट हातात हवा, नाहीतर खताचा डोस कशावर ठरवणार? थोडक्यात, वर्षाची कमाई सात-आठ आठवड्यांत. ज्याने मला फसवलं त्या माणसालाही हे पक्कं ठाऊक होतं.

मशीन बनवणारी कंपनी परराज्यातली. प्लेटवरचा फोन नंबर पुसट झालेला. मी बांधावर बसूनच मोबाइलवर कंपनीचं नाव आणि पुढे ‘सर्व्हिस सोलापूर’ असं टाकलं. पहिला आला तो नंबर लावला. समोरचा इतका अदबीने बोलला की मला हायसंच वाटलं. "सर, मशीनचा मॉडेल नंबर सांगा. सर, लोकेशन टाका." दुपारी दोनला गडी हजर. अंगात कंपनीच्या नावाचा टी-शर्ट, हातात बॅग. ते नाव छापून घ्यायला किती पैसे लागतात हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

त्याने माझ्यासमोर केलेली तपासणी नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. व्हॉल्व्हवर जी सोलेनॉइड कॉइल असते तिच्या डोक्याशी त्याने स्क्रूड्रायव्हर धरला आणि मला बटण दाबायला सांगितलं. कॉइलमध्ये पुरेसा करंट गेला तर ती लोहचुंबक होते आणि स्क्रूड्रायव्हर खेचून घेते. इथे नुसती हलकी थरथर, खेच नाही. "बघा सर, मॅग्नेट बनत नाही." मग मीटर लावून बॅटरी दाखवली, १२.६ व्होल्ट. "बॅटरी ओके, कॉइलचा रेझिस्टन्स पण ओके. म्हणजे कार्ड गेलं. आणि कार्ड अडकल्यामुळे पंप कोरडा फिरला, तोही बसलाय."

तपासणी खरी होती. चाचणीच अशी की कुठलाही जाणकार हेच करेल. खोटं फक्त शेवटचं वाक्य. बाकी सगळं डोळ्यांदेखत खरं निघत असल्यामुळे ते वाक्यही मी गिळलं.

कार्ड २८,०००, पंप २२,०००, मजुरी ४,५००. एकूण ५४,५००. भेटीचे १,५०० रोख आधीच दिलेले. ३०,००० ॲडव्हान्स यूपीआयने पाठवले. नाव भलत्याच माणसाचं आलं, मी विचारलं. "अकाउंट्सचे साहेब आहेत, सर." पॉवर पॅक आणि कार्डाचा डबा खोलून तो पुण्याच्या वर्कशॉपला घेऊन गेला. सुटे भाग त्याच्या गाडीत चढवायला मी आणि गडी दोघांनी हात लावला. पाहुण्याला निरोप दिल्यासारखं.

चौथ्या दिवशी तो परत आला. पॉवर पॅकवर नवा निळा रंग, चकाचक. अर्धा तास गाडीखाली झोपून काहीतरी करत होता, म्हणाला, "वायरिंग ड्रेस करतोय." मग बटण दाबलं आणि नळी सपकन खाली. मी उरलेले २४,५०० पाठवले. चहा पाजला. बायकोने डबाही दिला.

पुढचे तीन आठवडे मी झोडून काम केलं. मशीन चालत होतं. एकदाही अडलं नाही, स्क्रीनवर एकही एरर नाही. पूर्वी चुनखडीचा थर लागला किंवा खाली मुरूम आला तर ‘खोली मिळाली नाही’ असा एरर यायचा, जागा बदलावी लागायची. आता तो येतच नव्हता. मला वाटलं, नव्या कार्डाची कमाल. मीच चार जणांना त्या माणसाचा नंबर दिला! त्यातल्या दोघांची माफी मागून झालीय.

भांडं फोडलं ते पेनूरच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने. मी दुसऱ्या फुटाचा कांडा ट्रेमध्ये पाडला, तो त्यांनी उचलला, दोन बोटांत चुरला, नाकाशी नेला.

"मालक, ही माती कुठल्या खोलीची म्हणालाव?"

"दुसरा फूट, अण्णा."

"नाय. माझ्या रानात फूटभर खाली गेलं की पांढरे खडे लागत्यात. ह्यात एक खडा न्हाई, नुसत्या मुळ्या हायत. हे वरचंच हाय."

मी हसण्यावारी न्यायला गेलो. मग टेप काढली आणि नळीने पाडलेल्या भोकात सोडली. ३४ सेंटिमीटर. स्क्रीनवर ६०. शेजारचं भोक ३१. तिथेच माझ्या पोटात खड्डा पडला, तो काही ३१ सेंटिमीटरचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन होटगी रोडला गेलो. तिथे एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आयुष्यात त्यांनी असलं मशीन पाहिलेलं नव्हतं. त्यांनी आधी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीखाली गेले आणि हाक मारली, "बेटा, इकडं ये. हे बघ."

पॉवर पॅकची जाड काळी अर्थिंगची वायर चासीला जिथे बोल्ट करतात, तिथलं लोखंड पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेलं. वायरच्या टोकाची कडी (लग) घासलेली, वॉशर नवाकोरा. आजूबाजूला सगळा गंज आणि चिखल. "हे कुणीतरी आत्ता आत्ता केलंय. तुझा आजार इथंच होता."

मला पटेना. मग त्यांनी तो बोल्ट सैल केला, मध्ये गंजका पत्रा सरकवला आणि म्हणाले, दाब बटण. टक... टक... टक. तोच आवाज. कुरूलच्या बागेतला तोच आवाज, अगदी मोटरच्या कण्हण्यासकट. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पॉवर पॅकच्या अंगाला लावून पुन्हा बटण दाबलं तर साडेतीन व्होल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टाच्या आत यायला हवं. म्हणजे १२ पैकी साडेतीन व्होल्ट त्या गंजातच मुरत होते. मोटर ओढायला लागली की कॉइलला आठ-नऊच उरायचे आणि व्होल्टेज कमी म्हणून ती खेचत नव्हती. मशीन नुसतं उभं असताना बॅटरी मोजली तर १२.६ दिसणारच. लोड असताना मोजायचं असतं. त्या टी-शर्टवाल्याने मला लोड नसतानाचा आकडा दाखवला होता. खताच्या पोत्यांशेजारी उभी राहणारी गाडी आणि वर रोज पाण्याने धुतलेली, तर गंज माझ्याच हाताने आणलेला.

मग कार्डाचा डबा उघडला. तेव्हा जे दिसलं ते आठवलं की अजूनही कानशिलं तापतात. गेल्या दसऱ्याला खंडेनवमीची पूजा करताना आमच्या आईने डब्याचं झाकण उघडून आत बोटाने हळदकुंकू लावलं होतं. मी ओरडलोही होतो, की आई, इलेक्ट्रॉनिक आहे ते. त्यातला कुंकवाचा एक ठिपका कार्डाच्या कोपऱ्यातल्या हिरव्या पट्टीवर उडाला होता. २८,००० रुपयांच्या ‘नव्या’ कार्डावर तो ठिपका जसाच्या तसा होता.

पंप मात्र खरंच बदललेला होता. माझा चांगला पंप गेला आणि कुणाचा तरी झिजलेला आला. निळ्या रंगाखाली नंबरची प्लेटच नव्हती, दोन रिव्हेटची भोकं तेवढी. चिंचोलीच्या एमआयडीसीत एका हायड्रॉलिकवाल्याकडे तेलाचा दाब मोजणारं गेज लावलं. थंड तेलावर १५० बार. वीस मिनिटं चालवलं, तेल तापून पातळ झालं तसा काटा उतरत ७० वर आला. गिअर पंप झिजला की असंच होतं, सकाळी बरा आणि दुपारी लेचापेचा. म्हणून तर त्याने ट्रायल थंड मशीनवर, मऊ मातीत, एकदाच दिली.

आणि एरर का येत नव्हता? त्याने प्रॉक्सी सेन्सर बायपास केला होता. सेन्सरच्या दोन वायरी टेपखाली सोडून दिलेल्या आणि कार्डाला टायमरवर टाकलेलं. इतके सेकंद झाले की ‘खोली मिळाली’ समजायचं आणि नळी वर घ्यायची. मरका पंप असल्यावर सेन्सर कधी लागलाच नसता, मशीनने पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. म्हणून त्याने मशीनचं तोंडच बांधलं. कसब आहे, मानलं पाहिजे. हेच डोकं सरळ कामाला लावलं असतं तर मी त्याला वर्षाचा करार दिला असता.

५६,००० गेले त्याचं दुःख आहेच. पण जास्त लागलं ते वेगळं. तीन आठवडे मी लोकांना दुसऱ्या फुटाच्या पिशवीत पहिल्याच फुटाची माती भरून दिली. सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद वरच्या थरात जास्त असतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये खालची जमीनही श्रीमंत दिसली. चुनखडी दिसायला हवी तिथे कमी दिसली. एकाने त्यावरून स्फुरदाचा डोस कमी केला, बहार धरून मोकळा झाला. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते "बरं" म्हणाले. ते बरं अजून घशात अडकलंय.

आता बाकीचं. बिल होतं माझ्याकडे, रंगीत, शिक्क्याचं. नंतर मोजलं तर जीएसटी नंबर १४ अक्षरांचा. तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की दुकानाचं नाव फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम, मी तीन आठवड्यांनी केलं. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोनही उशिराच गेला. लगेच केला तर पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, माझ्या वेळेपर्यंत ते कुठल्या कुठे पोचलेले. पोलिसांत अर्ज दिलाय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. काहीजण म्हणाले, तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक धरले जाणार नाही. वकिलांनी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत, आणि दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. त्यामुळे कागद जमवतोय. अडचण एवढीच की दावा लावायचा कुणावर? टी-शर्टवर?

ज्यांच्याकडे असलं मशीन आहे त्यांच्यासाठी मी आता काय करतो ते सांगतो. पंप, मोटर, कार्ड, सेन्सर, सगळ्यांच्या नंबर प्लेटचे फोटो मोबाइलमध्ये आणि आईच्या फोनमध्येही. पॉवर पॅकला कायमचं गेज बसवलंय. दर सोमवारी तेल तापल्यावरचा आकडा वहीत लिहितो. अर्थिंगचा बोल्ट महिन्यातून एकदा खोलून घासायचा, वर पेट्रोलियम जेली. सिलिंडरच्या दांड्यावरचा वायपर सील फाटलाय का ते रोज बघायचं, कारण मुरमाची कच तिथूनच आत जाते आणि तेलाची गळती तिथूनच बाहेर येते. ते तेल नमुन्यात पडलं की नमुना वाया. नळीला आतून ग्रीस किंवा स्प्रे मारायचा नाही, आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली-घमेलं वापरायचं नाही, नाहीतर रिपोर्टमध्ये जस्त तुमच्या रानाचं नाही, घमेल्याचं येतं. दिवसातून दोनदा भोकात टेप सोडायची. स्क्रीन काहीही म्हणो. आणि सुटा भाग जागेवरून हलवायचाच असेल तर मागे मागे आपणही जायचं, पुण्याला तर पुण्याला.

कंपनीचा खरा नंबर कुठे मिळाला? मशीनबरोबर आलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर. पुस्तक पिकअपच्या सीटखाली होतं. त्यांच्या इंजिनिअरने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "अर्थिंग बघितलं का?"

नवा पंप ६,८०० ला बसला. सेन्सर पुन्हा जोडला, टायमर काढला. त्या तीन आठवड्यांतले सगळे प्लॉट मी पदरमोड करून परत काढतोय, लॅबची फीसुद्धा माझ्याच खिशातून. पावसाने जमीन चिकट झालीय, नळीत माती घट्ट बसते, वापसा आल्याशिवाय, म्हणजे ओल कमी होऊन रान कामाजोगं झाल्याशिवाय, जाता येत नाही. पेनूरच्या अण्णांचे दोन प्लॉट राहिलेत. परवा फोन आला होता, "आता ये, रान वापशावर आलंय. आणि टेप विसरू नगं."