कार्बन फायबर मोनोपॉडच्या नावाखाली काळा पाइप विकतायत, सांभाळा

ट्रेकला ट्रायपॉड वागवायचा कंटाळा येतो म्हणून स्वस्तातला हलका मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड, शोधणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सध्या रील बघता बघता मधेच एक जाहिरात येते, कार्बन फायबर मोनोपॉड, वजन फक्त ३५० ग्रॅम, लोड १० किलो, एमआरपी ५,९९९ आणि आज रात्री बारापर्यंत फक्त १,४९९, वर कॅश ऑन डिलिव्हरी. खाली उलटं पळणारं घड्याळ. पेज रिफ्रेश केलं की ते घड्याळ परत पहिल्यापासून सुरू होतं, करून बघा गंमत.

मी मागवला. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सेफ असं सगळेच धरून चालतात, पण कुरियरवाला पैसे हातात पडल्याशिवाय बॉक्स उघडूच देत नाही, "दादा आधी पेमेंट करा, मग काय ते बघा", आणि त्याचीही चूक नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. बॉक्स उघडला तर दिसायला एकदम झकास, कार्बनची वीण असते तशी नक्षी वगैरे, पण हातात घेतल्या घेतल्या जड लागला म्हणून किचनच्या काट्यावर ठेवला तर ५६० ग्रॅम! टोकाला नखाने खरवडलं तर नक्षीची फिल्मच सुटून आली आणि खाली चकाकणारं ॲल्युमिनियम.

आता ॲल्युमिनियम वाईट असतं असं अजिबात नाही हां, साधा ॲल्युमिनियमचा मोनोपॉड बजेटवाल्याला मस्त चालतो, थोडा जड असतो एवढंच. राग खोट्याचा आहे. आणि जो पाइपबद्दल खोटं बोलतो तो एकात एक सरकणारे सेक्शन घट्ट धरणाऱ्या लॉकवर काय खर्च करणार? ट्विस्ट लॉकच्या आत प्लॅस्टिकची बुश, म्हणजे छोटी कडी, असते, फिरवलं की ती दाबली जाते आणि आतला पाइप धरून ठेवते. ही बुश हलक्या प्रतीची असली की गुळगुळीत पाइपवर घसरते. पाचनईवरून हरिश्चंद्रगडला जायचं ठरलेलंच होतं, म्हटलं ॲल्युमिनियम तर ॲल्युमिनियम, नेऊया. कोकणकड्यापाशी दरीत घिरट्या घालणारे शिकारी पक्षी टिपायला ७०-३०० ची झूम लेन्स लावली, कॅमेरा लेन्स मिळून जेमतेम दीड किलो, आणि खालून वर येणाऱ्या त्या वाऱ्यात जरा भार टाकला तर सगळ्यात खालचा सेक्शन सर्रकन आत गेला. पट्टा गळ्यात होता म्हणून कॅमेरा वाचला. १० किलो म्हणे! उतरताना हाच मोनोपॉड काठीसारखा टेकवला असता तर काय झालं असतं याचा विचारच नको, त्यामुळे स्वस्तातल्या मोनोपॉडवर अंगाचा भार टाकायच्या भानगडीत पडूच नका.

खरा खेळ पुढेच आहे. पेजवर कंपनीचं नाव, पत्ता काही नाही, फक्त एक व्हॉट्सॲप नंबर. फोटो पाठवले तर लगेच गोड उत्तर, "सर आप बिल्कुल चिंता मत करो, फुल रिफंड मिलेगा", आणि पाठोपाठ एक क्यूआर कोड, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. अरे पैसे घ्यायला पिन कधीपासून लागायला लागला? यूपीआयचा पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. तसं लिहिलं तर भाऊसाहेबांनी ब्लॉक केलं. म्हणजे माल भंगार पाठवायचा आणि चिडून रिफंड मागायला येईल त्याचं खातंही साफ करायचं, असा दुहेरी धंदा आहे हा.

ज्यांनी कोड स्कॅन केला असेल त्यांनी चॅट करत न बसता आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. फक्त माल खोटा आला असेल तर १९१५, ग्राहक हेल्पलाइन. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क दाखवायलाच पाहिजे, तो नसेल तर ऑर्डरच करू नका.

दुकानात घेणार असाल, मुंबईत बोरा बाजार किंवा तुमच्या गावातलं कॅमेऱ्याचं दुकान, तर सगळे सेक्शन उघडून, लॉक आवळून वरून तळव्याने चांगला दाब द्या. लॉक पूर्ण सोडवून पाइपचं कापलेलं टोकही बघा, कार्बन आतपर्यंत काळा असतो, ॲल्युमिनियम लगेच चमकतं. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

माझी १९१५ वर तक्रार नोंदली गेलीय, पुढे अजून काही हललेलं नाही. तिथे ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि पार्सलवरच्या लेबलचा फोटो उपयोगी पडला, कारण पाठवणाऱ्याचं नाव लेबलवर वेगळंच होतं, तेव्हा बॉक्स एवढ्यात रद्दीत टाकू नका.