शिकागो ते सेंट पॉल रेल्वेने: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नातू झाल्यापासून गेल्या आठ महिन्यांत मी शिकागो ते सेंट पॉल रेल्वेने १७ वेळा जाऊन आले. लेक तिकडे असते. हायवेवर सहा तास गाडी चालवणं आता मला झेपत नाही, आणि विमानतळावरची धावपळ नको वाटते. भारतातून आलेल्या आईवडिलांना या गाडीने एकटं पाठवावं का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पाठवा, पण पोचल्यावरचा कुठलाही कार्यक्रम वेळेला बांधू नका.

खुर्च्या ऐसपैस आहेत, पाय पूर्ण लांब करता येतात. फोन चार्ज करायची सोय आहे. सामानाचं वजन करत नाहीत, बूट काढायला लावत नाहीत. डब्यातल्या माणसांबद्दल तर माझ्या मनात कौतुकच आहे. बर्फाच्या दिवसांत एका कंडक्टरने माझी बॅग न सांगता उतरवून दिली आणि लेक दिसेपर्यंत तो दारात उभा राहिला. सेंट पॉलचं युनियन डेपो हे जुनं देखणं स्टेशन अनेक वर्षं गाड्यांविना होतं, २०१४ मध्ये गाड्या तिथे परत आल्या. २०२४ च्या मे महिन्यापासून या मार्गावर रोजची दुसरी गाडी सुरू झाली, म्हणून तर मला पंधरा दिवसांनी जाणं जमतं. सकाळी अकराच्या सुमारास निघालं की संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पोचायचं, असं वेळापत्रक सांगतं.

आता वेळेबद्दल. माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये होते. गाडी लेट झाली की घरात त्यांचा चेहरा पडायचा, जणू चूक त्यांचीच. त्यामुळे असेल, मी प्रत्येक प्रवासाची वेळ वहीत लिहिते. ३४ प्रवासांपैकी १९ वेळेवर किंवा दहा मिनिटांच्या आत. सहा वेळा एक तासाहून जास्त उशीर. बाकीचे मधले.

जानेवारीत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेजच्या अलीकडे आमची गाडी ५५ मिनिटं लूपला, म्हणजे दुसरी गाडी पुढे जाऊ देण्यासाठीच्या बाजूच्या रुळावर, उभी होती. बाहेर शुभ्र शेतं, आत चिडीचूप, घोषणा एकही नाही. मग शेजारच्या रुळावरून मालगाडी आली. मी डबे मोजायला लागले आणि १४० नंतर सोडून दिलं. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, ही मालगाडी इथल्या लूपपेक्षा लांब आहे, ती बाजूला घेताच येत नाही, म्हणून आपण बाजूला. मी लहानपणापासून पाहिलंय की मेल-एक्स्प्रेसला वाट आणि मालगाडी लूपला. इथेही कायदा तोच आहे: प्रवासी गाडीला आधी जाऊ द्यायचं. पण रूळ मालवाहतूक कंपनीचे आणि गाडी अ‍ॅमट्रॅक या प्रवासी कंपनीची. कायदा मोडला तर कोर्टात जायचा अधिकार केंद्राच्या न्याय खात्याला, आणि त्या खात्याने १९७९ नंतर असा दावा लावला तो थेट २०२४ मध्ये, तोही दुसऱ्याच मार्गावरच्या गाडीसाठी.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण याच मार्गाचा इतिहास वाचला आणि मन खट्टू झालं.

१९३५ मध्ये मिलवॉकी रोड नावाच्या रेल्वे कंपनीने याच मार्गावर हायवाथा ही गाडी सुरू केली. वाफेचं इंजिन, तेलावर चालणारं, ताशी १०० मैलांहून जास्त वेगासाठी मुद्दाम घडवलेलं. शिकागो ते सेंट पॉल साडेसहा तास. आज डिझेलवर, कॉम्प्युटरच्या जमान्यात, साडेसात तासांच्या आसपास. पुढे काही वर्षांत पोर्टेज आणि स्पार्टा यांच्यामधले सुमारे ७८ मैल हायवाथाच्या वेळापत्रकात ५८ मिनिटांचे झाले. म्हणजे ताशी साधारण १३० किलोमीटर, तेही सरासरी! आज माझ्या गाडीला याच पट्ट्यात जास्तीत जास्त ७९ मैलांची, म्हणजे १२७ किलोमीटरची परवानगी आहे. आजची कमाल त्या काळच्या सरासरीपेक्षा कमी. हा आकडा मी तीनदा पडताळून पाहिला.

ही मर्यादा आली कशी? १९४६ च्या एप्रिलमध्ये शिकागोजवळ नेपरव्हिलला उभ्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळली, ४५ माणसं गेली. पुढच्या वर्षी सरकारने हुकूम काढला: ८० मैल किंवा त्याहून वेगाने जायचं असेल तर इंजिनात सिग्नल दाखवणारी किंवा गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवा. हुकूम योग्यच होता. पण बहुतेक कंपन्यांनी यंत्रणा बसवण्याचा खर्च टाळून वेग ७९ वर आणला. मग हायवे झाले, जेट विमानं आली, १९६७ मध्ये टपाल खात्याने गाड्यांमधली टपालाची बरीच कामं काढून घेतली आणि ते उत्पन्नही गेलं. १९७१ मध्ये प्रवासी गाड्या सरकारी पैशावरच्या नव्या कंपनीकडे, म्हणजे अ‍ॅमट्रॅककडे, आल्या, रूळ मात्र जुन्याच मालकांकडे राहिले. पूर्वी या मार्गावर जाण्या-येण्याचे वेगळे रूळ होते, आता बऱ्याच ठिकाणी एकच आहे. म्हणून ते लूप आणि म्हणून ते ५५ मिनिटं.

त्या मिलवॉकी रोडचं पुढे काय झालं ते वाचताना मला वडील आठवले. पश्चिमेच्या डोंगरांत या कंपनीचा साडेसहाशे मैलांचा विजेवरचा मार्ग होता. देखभाल वर्षानुवर्षं मागे ढकलली, आणि १९७४ मध्ये, जगभर तेल महाग झालेलं असताना, तिथली विजेची गाडी बंद करून डिझेल आणलं. तांब्याच्या तारा भंगारात विकल्या. १९७७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. वडिलांनी वाफेची इंजिनं जाऊन विजेची आलेली पाहिली होती, तो त्यांच्या आयुष्यातला मोठा अभिमान होता. हे उलटं त्यांना सांगायची माझी छाती झाली नसती.

खाण्याचं थोडक्यात: कॅफेत मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं सँडविच, बर्गर, चिप्स मिळतात. दोनदा कॅफे ठरल्या वेळेआधी बंद झाला. मधुमेह असणाऱ्यांनी डबा सोबत ठेवाच. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. स्वच्छतागृह ला क्रॉसपर्यंत ठीक असतं, पुढे नशीब.

माझी तक्रार गाडीतल्या माणसांबद्दल नाही, तिकिटाच्या दराबद्दलही नाही. उशीर झाला तरी चालेल, पण गाडी का थांबली आणि अंदाजे किती वेळ, एवढं दर पंधरा मिनिटांनी सांगा. प्रवाशांना अभिप्राय विचारणारा फॉर्म येतो, मी प्रत्येक वेळी भरते आणि वहीतल्या तारखा-वेळा त्यात घालते. तुम्हीही भरा. आणि या मार्गावर रूळ वाढवण्यासाठी पैसे मागितले जातात तेव्हा आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहा. मी लिहिलंय.

शिकागोहून निघताना उजव्या हाताची खिडकी धरा. ला क्रॉसला मिसिसिपी ओलांडली की पुढे हेस्टिंग्जपर्यंत बहुतेक वेळ नदी त्याच बाजूला असते, आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याच्या कडेला गरुड बसलेले दिसतात. परतताना डावी बाजू.