तयार शोधसळई: टाकीच्या झाकणासाठी उत्तम, बाटल्यांसाठी अर्धवट

अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या परसात बुजलेले संडासाचे खड्डे शोधून त्यात एकेकाळी कचरा म्हणून टाकलेल्या बाटल्या काढायच्या, तर फावड्याच्या आधी सळई लागते. या छंदात नवीन पडलेले बहुतेक जण हार्डवेअरच्या दुकानातली तयार सळई उचलतात. मुळात ती सेप्टिक टाकीचं झाकण किंवा शेतातली निचऱ्याची नळी शोधायला बनवलेली असते. लांबी ४ फूट, जाडी ३/८ इंच, टी आकाराची मूठ, मुठीवर जाड रबर आणि खाली शंकूसारखं टोक. माल मजबूत असतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण टाकीचं झाकण शोधताना सळईला एकच प्रश्न असतो: खाली टणक काही लागलं की नाही? खड्ड्याच्या बाबतीत सळई जे सांगते ते हाताला वाचता यावं लागतं, आणि तिथे ही तयार वस्तू कमी पडते.

हातानं काय वाचायचं, ते आधी पाहू. बुजवलेल्या खड्ड्यात वर भराव असतो: चुलीतली राख, विटांचे तुकडे, चिकणमाती. राखेत सळई कुरकुरत उतरते आणि टोक करडं होऊन वर येतं. विटेवर बद्द आवाज येतो, टोकाला लाल भुकटी लागते. कुजलेली फळी किंचित दबते आणि मग सोडते. लोखंडाचा खणका मुठीपर्यंत पोचतो. काच मात्र वेगळीच. टोक तिच्यावर ओरखडल्यासारखं घसरतं आणि बारीक, उंच किणकिण येते. भरावाखाली मैल्याचा जुना थर लागतो. तो काळपट, लोण्यासारखा मऊ असतो, त्यात चुन्याचे पांढरे पट्टे असतात आणि टोकाला कधी टोमॅटो-रासबेरीच्या बिया चिकटून येतात. शंभर वर्षांनंतर त्याला ओल्या मातीपलीकडे फारसा वास उरत नाही. उग्र वास आला तर खड्डा जुना नाही, किंवा जवळची चालू सेप्टिक टाकी झिरपते आहे. दोन्ही बाबतीत तिथून निघायचं.

यातली निम्मी माहिती मुठीवरचं जाड रबर गिळून टाकतं. राख आणि वाळूमिश्रित माती यांतला फरक, काचेची किणकिण, सगळं बोथट होतं. नुसत्या पोलादी मुठीवर पातळ चामड्याचे हातमोजे घालून काम केलं की हाच फरक स्पष्ट कळतो. पण रबर असतं विजेच्या तारेच्या भीतीने, आणि ती भीती खोटी नाही. मात्र तारेपासून वाचण्याचा खरा उपाय मुठीत नसतो. अमेरिकेत खणण्याआधी ८११ वर फोन करतात. बहुतेक राज्यांत दोन-तीन कामाच्या दिवसांत माणसं येऊन जमिनीवर रंग मारून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी दूरसंचार, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. एक गोष्ट नव्या लोकांना माहीत नसते. या खुणा साधारणपणे कंपनीच्या वाहिन्यांपुरत्या, म्हणजे मीटरपर्यंतच असतात. मीटरपासून गॅरेजकडे गेलेली तार किंवा बागेच्या फवाऱ्याची नळी त्यात येत नाही. ती घरमालकाला विचारावी लागते. रबर आहे म्हणून ८११ टाळणारा माणूस अशा सळईने गॅसची प्लॅस्टिकची नळी सहज भोसकू शकतो. तिथे रबराचा काही उपयोग नाही.

लांबीचा दोष याहून मोठा. साधे लाकडी अस्तराचे खड्डे बरेचदा ४ ते ६ फूट खोल असतात आणि बाटल्या तळाकडच्या थरात असतात. मूठ जमिनीच्या वर ठेवायची म्हणजे ४ फुटांची सळई साडेतीन फुटांवर थांबते, आणि वाचायला मिळतो फक्त भराव. किमान ५ फूट हवी. ६ फुटांची सळई उतरते छान, पण मध्यम उंचीच्या माणसाला सुरुवातीचा जोर देता येत नाही, सळई मधेच धनुष्यासारखी वाकते. फिलाडेल्फियासारख्या शहरांतले विटांनी बांधलेले गोल खड्डे २० फुटांच्याही खाली जातात. तिथे कुठलीच सळई तळ गाठत नाही, फक्त विटांची कड सापडते.

टोकाचं सांगायचं तर टोक दांड्यापेक्षा किंचित जाड हवं, म्हणजे भोक मोकळं होतं आणि दांडा मातीत घासत नाही. तयार सळईत हे बरोबर जमलेलं असतं, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण ते अणकुचीदार आहे. १८६० च्या आधीच्या बाटल्यांची, म्हणजे बुडाला पाँटिल दांडीचा (बाटलीचं तोंड घडवताना तिला बुडाकडून धरणाऱ्या लोखंडी दांडीचा) खरबरीत व्रण असलेल्या बाटल्यांची, काच कित्येकदा फार पातळ असते, आणि अशा टोकाचा एक जोरदार ठोसा तिच्यावर चांदणीसारखा तडा पाडतो. कानशीने टोक गोलसर करून घ्या. मऊ थरात शिरल्यावर सळई ढोसू नका, नुसत्या वजनाने उतरू द्या. किणकिण आली की सळई काढा आणि पुढचं काम फावडं-खुरपीवर सोपवा.

वापरण्याची पद्धत अशी. खड्डे बहुधा मागच्या हद्दीलगत किंवा गल्लीकडच्या कोपऱ्यात असतात. १८६७ साली सुरू झालेल्या सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. त्यांवर मागची छोटी बांधकामं दिसतात, पण संडास दरवेळी दाखवलेला असेलच असं नाही. सुरुवात मात्र हद्दीवर करू नका. आधी जिथे कधी खणलं नसेल अशा जागी तीन-चार वेळा सळई घालून कोऱ्या मातीचा विरोध हाताला ओळखीचा करून घ्या. मग हद्दीला समांतर दीड-दीड फुटांवर. लाकडी खड्डा साधारण ३ बाय ४ ते ४ बाय ६ फुटांचा असतो, त्यामुळे या अंतरात तो सुटत नाही. सळई अचानक खोल गेली तर चहूबाजूंनी ६-६ इंचांवर तपासून कडा शोधा आणि झेंड्या लावा. चौकोन किंवा गोल निघाला तर खड्डा. वेडावाकडा आकार निघाला तर बहुधा कुजलेल्या झाडाचं खोड. दर भोकानंतर टोक पुसायचंच, नाहीतर मागच्या भोकातली राख पुढच्यात दिसते आणि फुकटची खणाई होते. कडक उन्हाळ्यात चिकणमाती विटेसारखी वागते, म्हणून चांगला पाऊस पडून एक-दोन दिवस गेल्यावरचा मुहूर्त उत्तम.

कोणत्या खोलीवर विरोध बदलला हे कळायला दांड्यावर फुटाफुटाच्या खुणा लागतात, आणि तयार सळईवर त्या बहुधा नसतात. काही जण कानशीने खाच पाडतात. तसं करू नये, स्प्रिंग स्टील (वाकवून सोडलं की पुन्हा सरळ होणारं पोलाद) खाचेपाशीच मोडतं. रंगाचे पट्टे मारा, झिजले की पुन्हा मारा.

वेल्डर ओळखीचा असेल तर स्प्रिंग स्टीलचा ५ फुटी, ३/८ इंची दांडा घेऊन मूठ आणि टोकाला छोटी बेअरिंगची गोळी जोडून घेणं कधीही चांगलं. बांधकामाची गज-सळई नको, तिच्या कंगोऱ्यांना माती धरते आणि एकदा वाकली की वाकलेलीच राहते. जोडाला आधी शेक द्यायचा आणि नंतर कोरड्या वाळूत किंवा राखेत सावकाश थंड करायचं. पाण्यात बुडवलं तर जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि गोळी पहिल्याच दगडावर जमिनीत राहते.

तयार सळईच घ्यायची असेल, तर दोनच परिस्थितींत: जमीन वाळूची आणि खड्डे उथळ असतील, किंवा वर्षातून एखाद-दुसऱ्याच परवानगीवर छंद चालणार असेल. परवानगी म्हणजे घरमालकाची, लेखी. केंद्र सरकारच्या आणि मूलनिवासींच्या राखीव जमिनीवर १९७९ चा पुरातत्त्व साधन संरक्षण कायदा लागू होतो आणि शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय उकरणं गुन्हा ठरतो. त्या जागेचा विचारच नको. दुकानात घेताना टोक फरशीवर टेकवा, मुठीवर भार देऊन दांडा बोटभर वाकवा आणि सोडा. मग एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे पाहा. दांडा रेषेत परत आला नसेल तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, आत स्प्रिंग स्टील नाही. ती जागेवर ठेवून द्या.